मार्चचा नियम, जानेवारीचं जाळं

ऑस्लो, ४ एप्रिल १९६२

चि. सुनिवा हिला दादाचे आशीर्वाद.

आईचं पत्र आलं. गावातल्या त्या एइलर्टचं वकीलपत्र तू घेतलंस म्हणे. त्याला दुसरं कुणी मिळालं नाही का? बारीक विणीच्या जाळ्यांनी त्यानं फियोर्डच्या खाडीतली कॉड माशांची पिल्लंसुद्धा उपसली आणि बाबांची होडी हिवाळाभर रिकामी परतली. त्या जाळ्यांवरच्या बंदीचा नियम मार्चमध्ये आमच्या मत्स्यखात्यात मीच लिहिला. एइलर्टसारखे सुटू नयेत म्हणून मंत्रीसाहेबांनी तो मागच्या तारखेनं, जानेवारीपासून लागू केला. आता त्याची बोट जप्त होईल. मला तरी वाईट वाटत नाही.

खोकला कसा आहे? लोकरी मोजे घाल. रागावलोय, पण माया आटलेली नाही.

तुझा टोर्लाइफ

स्ट्रांडनेस, ११ एप्रिल

ती. दादास सुनिवाचा वाकून नमस्कार.

खोकला गेला. मोजे तूच घाल, खुर्चीत बसून पाय गारठत असतील.

एइलर्ट मलाही आवडत नाही. हावरटपणा केलास, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा मनाई नव्हती. तेवढं मात्र खरं बोलला. कुठलाही कायदा मागच्या काळाला लावता येत नाही, असं आपल्या राज्यघटनेत एक छोटंसं वाक्य आहे. मार्चमध्ये बसून जानेवारीतल्या माणसाला गुन्हेगार ठरवता येत असेल, तर आज सरळ वागून काय उपयोग? हे मी तुला शिकवायला नको.

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. सोमवारी खटला आहे. राग निवळला नाही तरी लिही.

तुझी सुनिवा

ऑस्लो, २७ एप्रिल

चि. सुनिवास आशीर्वाद.

एइलर्ट सुटल्याचं कळलं. मंत्रीसाहेबांनी मला बोलावून अपिलाचा मसुदा लिहायला सांगितलं. मी म्हणालो, हे टिकणार नाही आणि टिकूही नये. ते म्हणाले, सरकार लोकांनी निवडून दिलंय. मी म्हणालो, राज्यघटनेतलं ते वाक्यही लोकांनीच लिहिलंय, आपल्यासारख्यांना आवरायलाच. त्यावर त्यांनी खटल्याची फाइल मिटून बाजूला सारली.

अपील होणार नाही. मला मात्र नकाशांच्या विभागात बसवलंय. तिथं उजेड बरा आहे. आईला काळजी करू नको म्हणावं.

तुझ्यावर जीव असलेला,
टोर्लाइफ

स्ट्रांडनेस, ९ मे

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र आईनं मोठ्यानं वाचलं. नकाशांच्या विभागापर्यंत आल्यावर बाबांनी तिला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, त्या हावरटापायी एकीनं बापाशी वाकडं घेतलं आणि दुसऱ्यानं मंत्र्याशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पुढचं ऐक. एइलर्टनं परवा तीच जाळी पुन्हा टाकली आणि पकडला गेला. रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी सांगितलं, वकीलपत्र घेते, पण आता नियम आधीचा आहे, शिक्षा चुकणार नाही.

घरी हे सांगताना मला धाकधूक होती. बाबांनी पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, घे ते काम, पण माझ्यासाठी म्हणून मुद्दाम हरू नकोस.

उन्हाळ्यात ये. आम्ही वाट बघतोय, बाबा धरून.

तुझी सुनिवा