कोडगळीच्या पगडीचे काय करावे याविषयी

मी, मुकुंद विठ्ठल तेरगावकर, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त शिरस्तेदार, दिवाणी न्यायालय, राहणार केशवापूर, हुबळी, आज कोणाच्या दाबाखाली वा भिडेखाली न येता, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवतो. डोके शाबूत असल्याचा आमचे डॉक्टर गुरुप्रसाद यांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके शाबूत आहे, पण त्यात गोंधळ आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात काय, असे मी त्यांना विचारले. ते त्यांच्या कानडी वळणाने म्हणाले, "रायरे, सत्तरीनंतर त्यालाच शाबूत म्हणतात."

चौतीस वर्षे कोर्टात मी दस्तऐवज तपासले आणि समोर आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही म्हणता ते तुम्हीच, याला पुरावा काय? हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे येणार आहे ते वाचून माझी मुले हसतील किंवा चिडतील.

कलम १. केशवापुरातील घर चिरंजीव संजीव व कन्या वेदश्री यांना निम्मे निम्मे. संजीव बेंगळुरास असतो व घर विकावे म्हणतो. वेदश्री धारवाडास शिकवते व विकू नये म्हणते. दोघांनी एकमेकांना विचारून काय ते करावे, माझ्या फोटोला विचारू नये.

कलम २. बँकेत जे असेल तेही तसेच निम्मे. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. टंकलेखन यंत्र वेदश्रीला. त्याचे 'ळ' चे बटण अडकते, जरा जोर लावावा. माझा रेडिओ शेजारचे बाळाचार्य यांना द्यावा, म्हणजे माझ्यामागे तरी ते दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिकतील. १९९६ साली बस स्टॉपच्या कट्ट्यावर चारचौघांत त्यांनी मला 'राजवाड्याचे शेपूट' म्हटले होते. ते मी विसरलो आहे, असा त्यांचा समज आहे.

कलम ४. हे पगडीचे. सगळा खटाटोप याच्यासाठी.

अळनावरजवळ कोडगळी नावाचे एवढेसे संस्थान होते. माझे वडील तिथले कारभारी. संस्थान गेले, पुढे तनखाही गेला, पण एक रिवाज उरला. दसऱ्याला सरकारांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, पगडी घालून शिवेवरच्या बन्नीखाली, म्हणजे शमीखाली, बसायचे. वर्षभरात ज्यांची भांडणे झाली ते दोघे पुढे येतात. सरकार एक डहाळी मोडून अर्धी अर्धी दोघांच्या हातावर ठेवतात. मग ते दोघे एकमेकांना पान देऊन म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोणु", म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू. भांडण तिथे संपले. ते पुन्हा उकरायचे नाही, कोर्टात जायचे नाही. आणि सरकार बसले नाहीत, तर त्या वर्षी गावात कोणी कोणाला सोने देत नाही.

थोरले सरकार गेल्यावर हे काम त्यांच्या मुलाकडे, प्रभंजनराजांकडे आले. ते मुंबईत सूटच्या कापडाच्या जाहिरातींत दिसत आणि पुढे टीव्हीवरच्या मालिकेत दिसू लागले. लहानपणीच बाहेर शिकायला गेल्यामुळे गावाने त्यांना मोठेपणी पाहिले नव्हते. १९९२ च्या दसऱ्याला त्यांचे पत्र आले: चित्रीकरण आहे, येणे होत नाही, पगडी तबकात ठेवून पूजा करावी व गावाची क्षमा मागावी. पगडी वडिलांपासून आमच्याच घरी असे. मी नुकताच सेवानिवृत्त झालो होतो. मी निघालो.

पगडीची पेटी वाळवीने खाल्ली होती. अळनावरच्या पुढे जीप अशी हादरू लागली की मांडीवर पगडी चेपली जाईल अशी भीती वाटली. म्हणून ती मी डोक्यावर घातली. केवळ म्हणून. शिवेवर उतरण्याआधी काढणार होतो. पण वळणावरच हलगी सुरू झाली आणि चारपाचशे माणसे जमिनीला डोके टेकून मोकळी झाली. पत्र माझ्या खिशात होते. पुढ्यात गोपाळ आणि त्याचा थोरला भाऊ यशवंता उभे होते. बांधावरून आदल्या आठवड्यात कोयते निघाले होते. दोघांच्या बायका लांब उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. अशा वेळी 'मी तो नव्हेच' असे कसे म्हणावे, ते मला आजही कोणी सांगावे. मी डहाळी मोडली.

तेव्हापासून २००२ पर्यंत अकरा दसरे मी बसलो. दर वर्षी प्रभंजनराजांचे न येण्याचे पत्र येई, आणि दर वर्षी मी ते खिशात ठेवून जाई. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक आहे.

गावाला कळले नसेल काय? मी अठ्ठावन्न वर्षांचा, प्रभंजनराजे तेव्हा अठ्ठावीसचे. ते गोरे, मी असा. टीव्हीवर ते दर मंगळवारी दिसत आणि कोडगळीत पंचायतीसमोर बसून सगळा गाव ते पाही. एकदा गोपाळला मी आडून विचारले. तो म्हणाला, "टीव्हीत मानूस येगळाच दिसतो की ओ, सरकार. रंग लावत्यात." हे त्याने भाबडेपणाने म्हटले की मला सांभाळून घेतले, हे तेव्हाही उमगले नाही.

कलम ५. सौभाग्यवती हेमावती हिचे म्हणणे नोंदवून ठेवणे मला भाग आहे. ती १९९९ साली गेली. त्याआधी दोन वर्षे विलायतेतली ती राजघराण्यातली बाई मोटारीच्या अपघातात गेली, तेव्हा आमच्या घरी शेजारच्या सगळ्या बायका टीव्हीपुढे बसल्या होत्या. बाळाचार्य म्हणाले, राजघराण्यात पडल्यावर कर्तव्य पाळावे, मिरवू नये. कोणी म्हणाले, लोकांनीच तिला डोक्यावर घेतले आणि लोकांनीच मारले. मी सकाळी एका बाजूने बोललो आणि संध्याकाळी दुसऱ्या. प्रभंजनराजांबद्दलही कट्ट्यावर माझे असेच होई. कोणी म्हणे, राजाचा पोर आणि कापड विकतो! मी म्हणे, स्वतःच्या कष्टाचे खातो. कोणी म्हणे, कष्टाचे खातो बिचारा. लगेच मी म्हणे, आणि गावाचे काय?

हेमावती डोळे पुसत मला म्हणाली, "तिला होतं ते कर्तव्य नको झालं होतं. तुम्हाला नसलेलं हवंय. पगडी काढून घरात येता, तरी अर्धा तास भाजी वाढ म्हणून सांगत नाही, नुसते ताटाकडे बघता." हे खरे आहे. मला ते आवडू लागले होते. हे मी इथे लिहितो, कारण ती असताना कबूल केले नाही.

कलम ६. सबब पगडी ज्यांची त्यांना, म्हणजे प्रभंजनराजे कोडगळीकर यांना, परत द्यावी.

कलम ७. वरील कलम रद्द समजावे. कारण असे.

२००३ साली ते खरेच आले. बरोबर मुंबईची टीव्हीची माणसे होती. त्यांना पगडी शोभून दिसली, हे मान्य केलेच पाहिजे. पोरींनी वह्या पुढे केल्या, शिट्ट्या वाजल्या, लोक झाडावर चढले. ते बन्नीखाली बसले आणि वाट पाहू लागले. एकही भांडण पुढे आले नाही. पाटील म्हणाले, "यंदा कुणाचं काहीच न्हाई, सरकार." कॅमेऱ्यापुढे त्यांनी गावाच्या एकोप्याचे कौतुक केले आणि चारच्या सुमारास ते गेले.

मी देवळामागे उघड्या डोक्याने चहा पीत होतो. जीप दिसेनाशी झाली आणि भांडणाऱ्यांच्या सात जोड्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पुढे चंद्रभागा आणि तिची जाऊ. विहिरीवरून दोघी वर्षभर बोलत नव्हत्या.

"अगं, सरकार आत्ता येऊन गेले की," मी म्हणालो.

"ते टीव्हीतले सरकार," चंद्रभागा म्हणाली. "लई चांगले दिसत्यात. पर त्यास्नी काय ठाऊक माझी हीर कुठं हाय? तुमी द्या."

मी पान दिले. पुढच्या वर्षी पगडीही पुन्हा माझ्याच डोक्यावर आली. मग मी कोण होतो? गावाला माहीत होते, तर मला लबाड का म्हटले नाही? माहीत नव्हते, तर त्या दिवशी दोन सरकार कसे चालले? दोन वर्षे मी याचा विचार करतो आहे आणि कुठेच पोचत नाही.

प्रभंजनराजांचा राग मी सोडला आहे. जाताना ते म्हणाले, "मुकुंदकाका, मालिकेत मी राजा होतो तेव्हा मला सगळं खरं वाटतं. इथे बसलो की चोरी केल्यासारखं वाटतं. पगडी तुम्हीच ठेवा." मला नेमके तेच वाटते, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते. पण तोंडी दानाला पुरावा नाही, तेव्हा कायद्याने पगडी त्यांचीच. म्हणून कलम ६ रद्द समजू नये.

कलम ८. माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या दसऱ्याला वेदश्रीने बन्नीखाली उभे राहून पुढील मजकूर मोठ्याने वाचावा: 'मी, मुकुंद तेरगावकर, सरकार नव्हतो. पान देण्याचा मला अधिकार नव्हता. गावाने मला क्षमा करावी.' आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडणाऱ्याला एवढे तरी केल्याशिवाय जाता येणार नाही.

कलम ९. हे कलम सही करण्याआधी, आज दुपारी जोडले आहे.

साक्षीदार म्हणून मी कोडगळीहून गोपाळला मुद्दाम बोलावले. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवावा लागत नाही. तरी मी कलम ८ त्याला दोनदा वाचून दाखवले. डॉक्टर गुरुप्रसाद समोर बसले होते. गोपाळने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "म्हंजी ते पान खोटं?"

मी कायद्याने उत्तर दिले. अधिकार नसलेल्याने दिलेला निकाल रद्दबातल असतो.

"मग आमचा बांध?"

मी कलम ८ चा कागद पुन्हा हातात घेतला.

"यशवंताण्णा गेल्या साली गेला," गोपाळ म्हणाला. "बारा वर्सं एका ताटात जेवलो आमी. शेवटचं पानी मी घातलं त्याच्या तोंडात. न्हाईतर कोयता घातला असता. ते बी रद्द करनार का तुमी?"

मी म्हणालो, "नाही. ते खरं आहे."

"पान खोटं आन् जेवन खरं?"

चौतीस वर्षांत मला असा प्रश्न कोणा वकिलाने घातला नव्हता. माझ्या एका सत्यापायी तेरा वर्षांचे बांध, विहिरी आणि जावाजावा पुन्हा उघड्यावर येणार असतील, तर ते सत्य कोणासाठी? त्यांच्यासाठी, की मला सुखाने डोळे मिटता यावेत म्हणून? मी कलम ८ वर उभी रेघ मारली आहे. दस्तऐवजात खाडाखोड मी कधी चालू दिली नव्हती. ही माझी पहिली, आणि तिच्या दोन्ही टोकांना माझी आद्याक्षरे आहेत. पगडीचे मात्र कलम ६ प्रमाणे करावे. पान कोणी द्यायचे, हे गावाने ठरवावे. ते माझ्या मालकीचे कधीच नव्हते, म्हणून मला कोणाला देता येत नाही.

मी सरकार नव्हे हे तुम्हाला ठाऊक होते की नाही, असे मी गोपाळला शेवटी सरळच विचारले. तो म्हणाला, "सही कुठं करू?"

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजेल तेवढे समजून, आज हुबळी मुक्कामी रविवार, दिनांक २५ सप्टेंबर २००५ रोजी सही केले.

(सही) मुकुंद विठ्ठल तेरगावकर

साक्षीदार १. (सही) डॉ. गुरुप्रसाद, देशपांडे नगर, हुबळी. मृत्युपत्रकर्त्यास कसे ओळखता: माझे रुग्ण.

साक्षीदार २. (डाव्या अंगठ्याची निशाणी) गोपाळ, शेतकरी, कोडगळी. मृत्युपत्रकर्त्यास कसे ओळखता: आमचे सरकार. (साक्षीदाराने सांगितले तसे लिहिले. दुरुस्ती सुचवली, ती त्याने मान्य केली नाही.)