आत्मचरित्रातली माय

दिंद्रुड, रविवार संध्याकाळ

आज वाचनालयातल्या आमच्या वाचक मंडळात मंदाबाईंनी मी सुचवलेलं आत्मचरित्र परत आणलं. ऊसतोड कामगाराचा मुलगा मोठा अधिकारी होतो, त्याचं. त्या स्वतः कितीतरी हंगाम ऊस तोडून आलेल्या, म्हणून मुद्दाम दिलेलं.

“लई चांगलं हाय, सर. पण त्याची माय मरेस्तोवर कोयता चालवती, अन् तिचं नाव कुठंच न्हाई. दोनदा हुडकलं.”

मी ते तीनदा वाचलंय. नाव नाही, हे कधी जाणवलंच नाही. मग मी वाचतो म्हणजे नेमकं काय करतो?

घाईघाईनं माझी आवडती कादंबरी पुढं केली.

“हिच्यात हाय का मायचं नाव?”

आठवेना. बहुतेक नाहीच.

त्यांनी सभासद कार्ड परत करायला टेबलावर ठेवलं. त्यांना थांबवायला माझ्याकडं एकही पुस्तक नव्हतं.