कोरी वर्तुळं

३ मार्च, सोमवार
मृण्मयीचा फोन. सूर्यासारख्या ताऱ्यांवर पीएचडी करतेय. कुठल्या ताऱ्यावर डाग वाढतात, कुठला वर्षानुवर्षं गप्प राहतो वगैरे. तुलनेला सरांच्या रोजच्या सूर्यडागांच्या नोंदींच्या वह्या हव्या होत्या. दिल्या स्कॅन करून. सर असते तर पेढे वाटले असते. मला मात्र धाकधूक. शेवटची वही माझ्या अक्षरात आहे, ते तिला सांगितलं नाही.

६ मार्च
सर अंथरुणाला खिळले तेव्हाची ती वही. रोज सकाळी ऑफिसआधी सदाशिव पेठेत जायचं, गच्चीवर दुर्बीण लावायची, कागदावर पडलेल्या सूर्यबिंबातले डाग पेन्सिलीने टिपायचे, खाली येऊन सरांना आकडा सांगायचा. तीन जिने. काही दिवस चढले. मग मधल्या पायरीवर बसूनच नुसतं वर्तुळ काढायला लागले, खाली ०. सूर्य तेव्हा शांतच होता, डाग क्वचितच; कुणाला कळतंय! कारण आळस. दुसरं काही नाही.
"आज किती गं?"
"शून्य, सर."

११ मार्च
मृ.चा मेसेज. "मॅम, त्या वहीतल्या बऱ्याच दिवशी बाकीच्या निरीक्षकांना स्पॉट्स दिसलेत, सरांकडे झीरो. शेवटी सरांची नजर गेली होती का? तसं लिहू पेपरमध्ये?"
सरांची नजर! पलंगावरून काकूंना तांदळातला खडा दाखवायचे.
आंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर, तोच आवाज. आज किती गं. सर जाऊन सहा वर्षं झाली.

१५ मार्च
काकूंना जाऊन सगळं सांगितलं. मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही.
"ह्यांना माहीत होतं."
"कसं?"
"आभाळ गच्च भरलेलं, पलंगासमोर खिडकी, आणि तू म्हणालीस शून्य. ढग असले की 'ढग' लिहायचं, एवढं तरी शिकवलं होतं ना तुला?"
"मग बोलले का नाहीत?"
"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी आली असतीस?"
चहा दिला त्यांनी. कप विसळून निघाले.

१७ मार्च
मृ.ला मेल लिहायला घेतला. 'सरांची नजर शेवटपर्यंत उत्तम होती. शून्यं माझी आहेत.' एवढं झालं. खोटी कुठली ते नीट कळवावं म्हणून वही उघडली. काही दिवस मी खरंच वर गेले होते. बिंब खरंच स्वच्छ होतं, सरांना खरं तेच सांगितलं होतं. ते दिवस तरी वाचवायचे होते.
दुपारभर पानं उलटतेय. सगळी वर्तुळं सारखीच गोल, खालचं शून्यही तेच. माझं मलाच ओळखू येत नाही. मेल अजून तसाच, अर्धवट.