मैनाबाईचं वकीलपत्र

अमरावती, ता. ४ जानेवारी १८६४

झाली एकदाची वकीलसभा! आबाजीपंत अध्यक्ष, मी चिटणीस. अकरा वकील, अकरा सह्या. पहिलाच ठराव — सभासदाविरुद्ध कोणी वकीलपत्र घ्यायचं नाही. गावातले बारावे वकील शालिकराम काका, त्यांनी तेवढी सही केली नाही. कायदा मला त्यांनीच शिकवला. पण हट्टी म्हातारा.

ता. ९

राजापेठेतली मैनाबाई माळीण आली होती. विधवा. आबाजीपंतांनी तिच्या मळ्यात कापसाच्या गठाणी ठेवल्या. आता म्हणतात, मळा विकतच घेतलाय. कापूस असा चढलाय की गावालगतची वीतभर जमीन कोणी सोडत नाही.

"म्या इकला नाही जी! हंगामापुरता देला व्हता. अंगठा त्याचाच घेतला त्यायनं."

नऊ दारं फिरून दहावं माझं. अकरावं खुद्द आबाजीपंतांचं! हसूच आलं. म्हटलं, तिथेच जा.

ता. १०

अकोल्याच्या वकिलांनाही पत्र धाडलं. तिकडेही दार बंद.

ता. १५

काकांनी तिचं वकीलपत्र घेतलं! मी समजवायला गेलो, तर म्हणाले, "ठराव तुमचा हाय, देवीदास. सरकारचा कायदा नाही."

ता. २२

कचेरीच्या ओसरीवरून आम्ही काकांचं बाकडं काढायला लावलं. दिवसभर उन्हात उभे होते, खोकत. नत्थुजी चपराशानं पाणी दिलं, तर आबाजीपंतांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. आम्ही हसलो. मीही.

ता. २ फेब्रुवारी

काकांनी सनदेची परीक्षा दिलेलीच नाही. जुन्या साहेबाच्या ओळखीवर सनद मिळाली होती. मला हे त्यांनीच सांगितलं होतं — त्यांच्याच घरी, जमुनाकाकू मला भाकरी वाढत होत्या तेव्हा. तेवढंच नव्या साहेबाला लिहून कळवलं. निनावी.

आज सनद गेली.

ता. ५

काकांनी बोलावलं. अंथरुणावर होते. उद्या गाडी जुंपून तेल्हाऱ्याला, मुलीकडे जाणार. उशाखालून एक फडकं काढलं. आत चिठ्ठी, आबाजीपंतांच्या हातची — 'गठाणी ठेवण्यापुरती जागा, हंगाम सरताच परत.'

"तिच्या घरच्या कागदात सापडली. तिले वाचता येत नाही, मी बी अजून सांगतलं नाही. तू उभा राय. सभेले भेऊ नको. तुले मी शिकवलं."

तो निनावी अर्ज कोणी केला, हे त्यांना ठाऊक नाही.

"राहतो," म्हणालो. त्यांनी चिठ्ठी मला दिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात तापानं भाजत होता.

ता. ६

आबाजीपंतांना सगळं सांगितलं. मला वाटलं, भडकतील. पान लावता लावता म्हणाले, "घ्या की वकीलपत्र! एवढ्यापुरती सभेची मोकळीक."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

ता. १९

मैनाबाईच्या बाजूनं उभा राहिलो. साहेबानं विचारलं, "काही लेखी पुरावा?"

"नाही, हुजूर."

मळा गेला. बाहेर आल्यावर ती माझ्या पायांवर वाकली. "कोनी उभं रायलं नाही बापा. तुमी तरी रायले."