मांजराच्या हनुवटीखाली चि. शंतनू

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार

ती. अरुणराव यांस,

प्रल्हादचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघा बदलल्यापासून खाली गेलो तर वर कोण घेणार हा प्रश्न असतो, म्हणून उभ्यानेच.)

ताजी बातमी आधी देतो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी तुमचं काही अडणार नाही. मांजराची ताटली विकली गेलेली नाही. लिलाव चालू असतानाच ती मागे घेण्यात आली. या वृत्ताला आमचे जावई शंतनू यांनी आज सकाळी गॅरेजमध्ये उभं राहून, तोंडात दात घासायचा ब्रश असताना, दुजोरा दिला. जन्मभर सोलापूरच्या पेपरात रात्रपाळीला दुसऱ्यांच्या बातम्या कापत बसलो. आता स्वतःच्या घरची बातमी आली आहे, तर कापायला हात होत नाही. सांभाळून घ्या. तुमच्या मोतीबिंदूचं कसं काय? शैलजाताईंची साखर आटोक्यात आहे ना? इथे मी बरा आहे. म्हणजे दमलो आहे, पण इथे कोणी विचारलं की बरा आहे असंच सांगायचं असतं.

ताटली म्हणजे काय, ते सांगतो. इथे ऑक्टोबर संपताना भुतांचा सण असतो. दारात कोरलेले भोपळे, झाडाला सांगाडे, कुंपणावर कोळ्यांची जाळी. (आपल्याकडे जाळी दिसली की बायका केरसुणी घेतात. इथे ती विकत आणून लावतात. आमच्या नीलांबरीने ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांची दोन काढून दिली.) शंभर वर्षांपूर्वीही हा सण असाच व्हायचा, फक्त सजावट कागदाची, लगद्याची, पत्र्याची असे. स्वस्तातली, दुसऱ्या दिवशी फेकायची. त्यातलं जे कुणीतरी फेकायला विसरलं, तेच आज दुर्मीळ म्हणून इंटरनेटवर लिलावात जातं. म्हणजे एका पिढीचा आळस ही दुसऱ्या पिढीची दौलत. शंतनू हे सगळं जमवतो. नागपूरहून इथे आला त्या पहिल्या वर्षी शेजारची म्हातारी घर रिकामं करत होती, तिच्या अंगणातून त्याने एक कागदी मांजर उचललं. व्यसन लागायला दारूच लागते असं नाही. आता गॅरेजमध्ये हडळी, घुबडं, भोपळे आणि कागदी भुतं राहतात, आणि आश्लेषाची गाडी बाहेर उभी असते. यंदा तिने निक्षून सांगितलं की काचेवर बर्फ धरायच्या आत गाडी आत आली पाहिजे, निम्मी भुतं विका.

या वस्तूंचं मोल कसं ठरतं, हे शंतनूने मला दोन-तीन संध्याकाळी समजावलं. कोणी हात लावला नसेल तितकं मोल जास्त. पुसलं की किंमत उतरते, रंगवलं की संपते, दुरुस्त केलं की जाणकार लोक हळहळतात. गंजसुद्धा चालतो, पण तो जुना हवा. मी सहज विचारलं, की मग या हिशेबात माझ्यासारख्याचं काय मोल येईल? तो अजिबात न हसता म्हणाला, “बाबा, तुमचा गुडघा ओरिजिनल नाही.”

नीलांबरीचं आणि त्याचं नातं तुम्हाला माहीतच आहे. लग्न आश्लेषाने स्वतः जमवलं, त्यामुळे लग्नापासून आमची ही त्याला अहो-जाहो करते. जावयाला करतातच, पण हिचं अहो जरा लांबून यायचं. त्याच्या मागे ती नावं ठेवायची, तीही नेमाने. सोन्यासारखी नोकरी आणि घरात हडळी. दिवेलागणीला दारात घुबड. (ते घुबड पत्र्याचं आहे, असं मी म्हणालो. पत्र्याचं असलं म्हणून काय, बघतंय ना, असं उत्तर आलं.) तो बिचारा सगळं ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करायचा आणि भांडी डिशवॉशरमध्ये लावायचा. तीही त्याने चुकीचीच लावलेली असायची.

आता मुख्य घटना. कोजागिरीला इथल्या मंडळाचं एका शाळेच्या कॅफेटेरियात संमेलन असतं, प्रत्येकाने एक पदार्थ करून न्यायचा. गणपतीच्या वेळी आमच्या हिचा डबा गेला आणि झाकण कुणाचं तरी भलतंच आलं. तेव्हापासून ती जखमी होती. तुम्ही भांड्यांचं दुकान बंद करताना तिला भांड्यांवर नाव घालायचं मशीन दिलंत, ते तिने येताना बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळून आणलं होतं. इथली वीज त्याला पुरेना, म्हणून त्याला लागणारा कन्व्हर्टर कोणी आणून दिला? शंतनूने. स्वतःच्या हाताने, सुट्टीच्या दिवशी, दोन दुकानं फिरून.

तर कोजागिरीच्या दुपारी कडबोळी तयार, मोठ्या ताटल्या सगळ्या डिशवॉशरमध्ये, आणि जेवणाच्या टेबलावर एक गोल, काठाची, नारिंगी पत्र्याची ताटली. खरं तर ती ताटली नव्हती. ती खंजिरी होती, हॅलोविनला पोरांनी वाजवायची, नव्वद-पंच्याण्णव वर्षांची, बाहेरून काळ्या मांजराचं तोंड छापलेली. शंतनूच्या साऱ्या संग्रहातला हा दागिना. फोटो काढून त्याने ती लिलावात लावली होती, खाली लिहिलं होतं की एकही ओरखडा नाही, आणि मऊ कापड आणायला तो वर गेला आणि वरच ऑफिसच्या कॉलमध्ये अडकला. खंजिरी उलटी ठेवली की ताटलीच दिसते, हे मीही मान्य करतो. काठाला बारीक चकत्या होत्या, उचललं की छुनछुन वाजायच्या. नीलांबरीला ते फार आवडलं. कोणी आपली ताटली उचलून नेली तर आवाज यावा म्हणून ही सोय आहे असं तिने धरलं, आणि अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच चांगला शब्द काढला.

तिने ती घासली. मग मशीन लावलं. ताटली जावयाची, म्हणून नाव जावयाचं. बुडाशी, म्हणजे मांजराच्या हनुवटीखाली, सुरेख वळणदार अक्षरात: “चि. शंतनू, कॅरी, कोजागिरी.”

कॅफेटेरियात शंतनू कॉल संपवून आमच्या मागून आला. टेबलाजवळ कोणीतरी कडबोळं उचललं आणि छुन्न वाजलं. तो जागच्या जागी थांबला. अरुणराव, मी अपघाताच्या बातम्या पुष्कळ लिहिल्या, पण माणसाचा चेहरा असा एका आवाजावर उतरलेला पाहिला नव्हता.

“आई,” तो अगदी हळू म्हणाला, “हे... हे कुठे मिळालं?”

“टेबलावर. अरे, तुझीच आहे. उलटी करून नाव बघ ना!”

त्याने उलटी केली. कडबोळी माझ्या ओंजळीत आणि उरलेली झब्ब्यावर आली. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. काय लागलं त्याला, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं ओरखडा. नंतर लक्षात आलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण “अरे” हे त्याने तिच्या तोंडून त्या दिवशी प्रथम ऐकलं, आणि “चि.” प्रथम वाचलं. इतके दिवस नावं ठेवणाऱ्या बाईने नाव घातलं होतं, आणि घातलं तेही नेमकं जिथे घालू नये तिथे. माणसाने रडावं कशासाठी?

तो म्हणाला, “छान अक्षर आहे, आई.” आणि एक कडबोळं खाल्लं.

घरी आल्यावर आश्लेषाने मला बाजूला घेतलं. “बाबा, तो आतून मरतोय यार. त्या पीसवर लोकांनी ऑलरेडी बोली लावलीये. आईला तुम्हीच सांगा.” मी हो म्हणालो आणि झोपायला गेलो. (हे माझं धोरण आहे. पुष्कळ बातम्या सकाळपर्यंत थांबल्या की आपोआप शिळ्या होतात. ही झाली नाही.)

शंतनू सज्जन माणूस. वस्तूवर ओरखडा पडला तर खरेदीदाराला सांगायचं, हा त्याचा नियम. त्याने नव्याने फोटो काढला, लिलावाच्या पानावर लावला आणि खाली स्पष्ट लिहिलं की नुकतंच एक नाव कोरलं गेलं आहे. किंमत कोसळणार, हे धरूनच. पण लोकांनी विचारलं की लिहिलंय काय? त्याने प्रामाणिकपणे भाषांतर केलं. शंतनू हे नाव, कॅरी हे गाव, कोजागिरी ही शरदातली पौर्णिमा. आणि “चि.” म्हणजे चिरंजीव, म्हणजे ज्याला मरण नाही असा.

आता तुम्हीच विचार करा. भुतांचा सण, काळं मांजर, पौर्णिमेची रात्र, अनोळखी लिपी, आणि अर्थ काय तर याला मरण नाही! ओहायोतल्या एका बाईंनी हा मंत्र असल्याचं जाहीर केलं. आणखी कोणी विचारलं की वाजवताना तो म्हणायचा की वाजवून झाल्यावर? बोली चढू लागली. पेनसिल्व्हानियात एक वृद्ध बाई आहेत, या वस्तूंची पारख करण्यात त्यांचा शब्द शेवटचा मानतात. शंतनूने त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, की एरवी असं काही कोरलं तर मी निम्मं मोल उडवते, पण सासूने सही केलेलं मांजर माझ्या हाताखालून आजवर गेलेलं नाही, तेव्हा मला काही विचारू नका. आश्लेषा खूष झाली. मी खूष झालो. गाडी आत येणार, आणि मला काही सांगावं लागणार नाही.

सांगितलं पद्मिनीबाईंनी. या समोरच्या घरातल्या, मुलाकडे आलेल्या, हिच्याबरोबर रोज तळ्याभोवती फिरतात. त्यांच्या नातीने मोबाईलवर दाखवलं असावं. “अहो, तुमच्या अक्षरातलं मांजर विकायला निघालंय की!” असं त्या कौतुकाने म्हणाल्या. नीलांबरी तळ्याची फेरी अर्धी टाकून घरी आली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने चहा केला, शंतनूसमोर ठेवला आणि म्हणाली, “घ्या, शंतनूराव.”

राव! तुम्ही भांड्यांच्या धंद्यात जन्म काढलात, तुम्हाला फोड करून सांगायला नको. नाव घातलेलं भांडं माणूस देतो, हरवतो, पोचा पडला तरी वापरतो, पण नाव ताजं असताना बाजारात मांडत नाही. तिला किमतीचं काही नव्हतं. नाव घातलं तेही माझंच चुकलं असेल, म्हणाली, पण मला कोणी सांगितलं नाही. (इथे तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. पेपर इंग्रजी होता आणि उलटा होता.) मग तीन दिवस घरात सगळं आदराने चाललं. अहो, घ्या, बसा, आपण आधी. आदराने माणूस किती थकतो, ते मला या वयात समजलं. आश्लेषा दोघांशीही इंग्रजीत बोलू लागली.

काल संध्याकाळी शंतनू माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “बाबा, आमच्या घरी सगळ्या भांड्यांवर आजोबांचं नाव होतं. नंतर बाबांचं आलं. माझ्या नावाचं हे पहिलंच.” एवढं बोलून त्याने लिलाव रद्द केला. बोली लागलेली वस्तू मागे घेतली की साईटवाले विक्रेत्याला बाहेर काढतात, तसं त्याला वर्षभरासाठी काढलं. तेही ऐन सणाच्या तोंडावर, म्हणजे वर्षातले चार दिवस जेव्हा या वस्तूंना गिऱ्हाईक असतं तेव्हा. भुतं गॅरेजमध्ये राहिली आणि गाडी बाहेर राहिली. आश्लेषाने आज सकाळी काच खरवडताना मराठीत काय म्हटलं ते लिहीत नाही.

त्याने खंजिरी नेऊन नीलांबरीच्या हातात दिली. “आई, विकत नाहीये.”

तिने मांजराच्या हनुवटीखालच्या नावावरून पदर फिरवला. मग म्हणाली, “बरं. वरच्या फळीवर ठेव. आणि अरे, तेवढे हात धुऊन ये, जेवायला वाढलंय.”

शैलजाताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
प्रल्हाद

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. हात धुऊन आल्यावर ती त्याला म्हणाली, की बाकीच्या वस्तूही अशाच बेवारशी पडल्या आहेत, आपण सगळ्यांवर नावं घालून टाकू. तो हो म्हणाला. तुम्ही कृपा करून आज-उद्या फोन करा आणि मशीन परत हवं आहे असं सांगा. कारण काहीही द्या. दुकान पुन्हा उघडतोय म्हणा.

ता. क. २. हे पत्र फोटो काढून तुम्हाला पाठवायला शंतनूकडे दिलं, तर त्याने ते वाचलं. तो म्हणतो की मशीन परत मागू नका, आणि जमलं तर मशीनची एक बारीक सुई पाठवा. पत्रा मऊ असल्याने “चि”ची वेलांटी जाड येते. रविवारी सकाळी चहा झाला की दोघं गॅरेजमध्ये बसणार आहेत. सुरुवात त्याच्या सगळ्यात जुन्या भोपळ्यापासून होईल असं समजतं. भोपळा कागदाच्या लगद्याचा आहे, हे तिला मी सांगायचं ठरलं आहे.