डाव्या पायाला काम नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

खांद्यावर सीटबेल्टचा लालभडक वळ उठलाय. माझ्या! एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या बाईच्या!

मालकांनी ड्रायव्हिंग स्कूलसाठी ऑटोमॅटिक गाडी घेतली. म्हणाले, "मॅडम, पहिली फेरी तुम्हीच मारा." मी बसले ऐटीत. चौकात सिग्नल लाल झाला, वेग कमी केला, आणि डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला – खाडकन, पार तळापर्यंत. क्लच नव्हताच तिथे! ब्रेकचं रुंद पेडल होतं. गाडी जागच्या जागी खिळली. मागची बस वीतभर अंतरावर येऊन थांबली.

बसचा ड्रायव्हर उतरून आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीवरची स्कूलची पाटी वाचली आणि शांतपणे म्हणाला, "शिकताय का? शिका, शिका."

मी "हो" म्हणाले.

४ फेब्रुवारी

आज डावा पाय सीटखाली दुमडून बसले. गिअरचा दांडा डीमध्ये, म्हणजे 'ड्राइव्ह'मध्ये टाकून ब्रेकवरचा उजवा पाय नुसता उचलला – आणि गाडी आपली आपण चालायला लागली! अॅक्सिलरेटरला पाय लावलेला नाही. कोणाच्या परवानगीने? घरी यांना सांगितलं तर महिनाभर हसतील. सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाकडे गेले. दादा म्हणजे माझा मामेभाऊ – पंचवीस वर्षं गिअरबॉक्सच उघडतोय, दुसरं काही त्याला येतही नाही. म्हटलं, "दादा, मला आतून दाखव. मला कळल्याशिवाय मी दुसऱ्याला काय शिकवणार?"

क्लच मला माहीत आहे. इंजिन फिरतंय, चाकं फिरायचीत. मध्ये दोन चकत्या. पेडल दाबलं की चकत्या सुटतात, सोडलं की एकमेकींना धरतात. तेवढ्या सुटकेत आपण गिअर बदलायचा. माझी सगळी नोकरी या "हळू सोडा, हळू सोडा"वर चाललीय.

मग या गाडीत काय आहे? दादाने जळकं तेल भरलेली बादली ओढली. त्यात एक बाटलीचं झाकण तरंगत सोडलं आणि दुसऱ्या कडेला पळी गोल गोल ढवळायला लागला. पळी झाकणाला लागलीही नाही – झाकण फिरायला लागलं.

"हे इंजिन," पळी दाखवत म्हणाला, "आणि हे चाक."

"आणि मध्ये?"

"मध्ये तेल."

"नुसतं तेल?"

"वेग धरला की आतून जोडून घेतं. पण निघताना नुसतं तेल. म्हणून तर पाय उचलला की सरकते. इंजिन चालू आहे तोवर तेल ढवळलं जातंच ना."

मी बादलीकडे बघतच राहिले. टनभर लोखंड, त्यात मी, माझे विद्यार्थी – आणि मध्ये तेल!

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाने आज दुरुस्त झालेल्या तीन गाड्या एकापाठोपाठ चालवायला दिल्या. तिन्हींना "ऑटोमॅटिक"च म्हणतात. तिघी सख्ख्या बहिणी म्हणून बघायला जावं आणि तिघींची तोंडं तीन दिशांना असावीत, तसं झालं.

पहिलीत आपला जुनाच गिअरबॉक्स. क्लचही जुनाच. फक्त पेडल दाबायला माणूस नाही, एक मोटर बसवलीय. दर गिअरला गाडी मान हलवते, जशी नवी विद्यार्थीण हलवते तशी. मी सवयीने "हळू सोडा!" असं ओरडले. रिकाम्या गाडीत!

दुसरीत गिअरच नाहीत! दोन चाकं आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा, शिलाई मशीनसारखा. पण ही चाकं जाड-बारीक होतात. एक फुगलं की दुसरं आकसतं, पट्टा सरकतो, वेग बदलतो. पायरीच नाही, सगळी उतरण. झोप लागेल इतकी मऊ. मात्र चढावर दाबली की इंजिन बोंबलतं आणि गाडी आपल्या चालीनेच जाते.

तिसरीत दोन क्लच. एकाकडे एक-तीन-पाच, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आत तयार उभा असतो. गिअर कधी पडला कळतच नाही, पळते तर अशी! पण गर्दीत पावलापावलाने चालवली की तापते, कुरकुरते.

"मग यात चांगली कोणती?" मी विचारलं.

"तुझी स्कूलची," दादा म्हणाला. "जरा पेट्रोल पिते, पण नवशिक्यांचा मार खाते."

मला वाईट वाटलं, खरंच. माझ्या हाताला जे एकोणीस वर्षांत जमलंय, ते यांतल्या कुठल्याच गाडीला नकोय.

१९ फेब्रुवारी

नवीन विद्यार्थीण. वय एकसष्ट. निवृत्त नर्स, सगळे "सिस्टर" म्हणतात, मीही म्हणायला लागले. त्यांचे यजमान पस्तीस वर्षं ट्रकवर होते. आता काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलीय. घरात गाडी आहे – ऑटोमॅटिक, मुलीने घेऊन दिलेली – आणि चालवणारं कोणी नाही. सिस्टर म्हणाल्या, "आजवर यांनी मला फिरवलं. आता माझी पाळी."

काका दारातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. "गिअर न टाकता गाडी? म्हणजे न चावता जेवण!"

सिस्टर म्हणाल्या, "दात गेल्यावर तेच बरं असतं हो."

११ मार्च

सिस्टर आज एकट्याने बाजाराचा पूर्ण फेरा मारून आल्या. मी नुसती शेजारी बसलेली. डावा पाय कसा आवरलात विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला सांगितलं, तुझी ड्यूटी संपली, घरी जा." इतक्या हसलो आम्ही दोघी!

२४ मार्च, सोमवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी सव्वादहा. सिस्टरांच्या घरासमोरचा चढ. शिकवणी संपलेली. त्यांनी स्कूलची गाडी नीट थांबवली होती, फक्त शेजाऱ्यांचं फाटक अडत होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच घ्या जरा पुढे, मला तेवढी तिरकी नाही जमत." त्या उतरल्या. मी माझ्या बाजूने उतरून स्टिअरिंगवर बसले, चार हात पुढे घेतली, उतरले, दार लावलं. लगेच परत निघायचं म्हणून इंजिन चालूच ठेवलं. सिस्टर मागून डिकीतली पिशवी काढायला गेल्या.

गाडी मागे गेली.

आवाज न करता गेली! मी नुसती बघतेय. सिस्टरांनी दोन्ही हात पुढे केले – जणू रोग्याला सावरतायत. मग विजेच्या खांबाजवळ त्या खाली.

शेजारी धावले, आत शिरले, हाताला येईल ते ओढलं, ढकललं. गाडी थांबली. उजव्या मांडीचं हाड मोडलंय. उजव्या.

२५ मार्च

मी दांडा पार्किंगच्या पीऐवजी न्यूट्रलच्या एनमध्येच सोडला असणार. उतरण्याआधी तळहाताने दांडा मोकळा करायचा, ही एकोणीस वर्षांची सवय. हँडब्रेक ओढला नव्हता, एवढं नक्की.

२६ मार्च, बुधवार

आज दवाखान्यात भेटू दिलं. मांडीत सळई घातलीय. मी काही बोलायच्या आत सिस्टरच माझा हात धरून रडायला लागल्या. "मॅडम, माफ करा. तुमची गाडी... माझ्याच हातून राहिलं असणार. मी पी टाकलं नसणार."

त्यांना मधली पाच मिनिटं आठवतच नाहीत! आपण गाडी थांबवली तिथवर आठवतं, मग एकदम स्ट्रेचर.

मालक शेजारी उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ऐकलंत ना? त्या स्वतःच म्हणतायत. वयस्कर माणूस, नवीन गाडी – होतं असं. तुम्ही काही बोलू नका."

मी बोलले नाही.

मी! विद्यार्थ्याने आरसा बघितला नाही तरी गाडी बाजूला घ्यायला लावणारी मी!

२७ मार्च

गेले. बोलले नाही. आले.

२८ मार्च, शुक्रवार

काका दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. माझी चाहूल लागली तशी त्यांनी काठी सरकवून जागा केली. मी बसले.

"शेवटचं दार तुम्ही लावलंत," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"दारात बसून ऐकत होतो मी. ही दार लावते ते जेमतेम ऐकू येतं. तुम्ही आपटता. आधी तिचं झालं. मग तुमचं इकडचं, मग तुमचं तिकडचं. गाडी जराशी पुढे गेली. मग परत तुमचं – धाडकन."

चार दिवस! चार दिवस या माणसाला माहीत होतं. मी त्याच्यासमोर चहाचे कप नेऊन ठेवत होते!

"काका, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून." मग म्हणाले, "रस्त्यावर पस्तीस वर्षं काढली मी. चूक कोणाच्याही हातून होते. उतरून पुढे येणारे ड्रायव्हर फार थोडे पाहिले."

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. हे हसले नाहीत. म्हणाले, "उद्या मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं.

२९ मार्च

सांगितलं.

पलंगाशी उभी राहूनच सांगितलं, खुर्चीवर बसायचं धाडस झालं नाही. "सिस्टर, गाडी मी लावली होती. तुम्ही नाही. तुमचा काही दोष नाही."

त्या छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज डोळे मिटले की हात पुढे करून तो दांडा शोधतेय मी. मुलीला फोनवर सांगितलं, तुझी आई म्हातारी झाली, तिच्याच्याने काही होत नाही. गाडी विकून टाक म्हटलं. आणि तुम्ही रोज इथे उभ्या राहून ते ऐकत होतात?"

"हो."

"पाणी द्या."

दिलं. पेला मीच धरला. त्या प्यायल्या.

"आता जा. मी रागावलेय. शहाणपणाचं काही बोलू नका, रडूही नका. जा."

जिना उतरले. लाज वाटते लिहायला – छातीवरचं ओझं उतरलं होतं.

३१ मार्च, सोमवार

पोलीस चौकीत जाऊन लेखी जबाब दिला. शिकवण्याचा परवाना तूर्त जमा. मालक म्हणाले, "अहो मॅडम, कोणी विचारलं होतं तुम्हाला?" मग खुर्चीवर बसले, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "बरं केलंत. मला नसतं जमलं." हे त्यांच्याकडून!

तपासणी झाल्यावर गाडी दादाकडे पाठवलीय.

२ एप्रिल, बुधवार

दादाचा फोन – "असशील तशी ये."

गिअरबॉक्स टेबलावर उघडा. शेजारी ताटलीत लोखंडाचा तुकडा, नखाएवढा. तेलाच्या तळाशी सापडला.

"पी टाकलं की आत काय होतं माहीत आहे?" दादाने विचारलं. एवढं सगळं बघितलं होतं, हे कधी विचारलंच नव्हतं!

त्याने दाखवलं. एक दात्यांचं चाक. वर एक पोलादी बोट. पी टाकलं की ते बोट खाली येऊन दात्यांत अडकतं आणि चाकं अडतात. बस, एवढंच. चढावर उभ्या गाडीचा सगळा भार त्या एका बोटावर. याचं टोक तुटलेलं होतं.

"एनमध्ये असती तर हे बोट वरच राहिलं असतं," दादा म्हणाला. "तू पीमध्येच टाकली होतीस गं. हे तुटलं म्हणून गाडी सुटली."

मी खाली फरशीवर बसले. तेलातच. पीमध्ये होती! माझ्या हाताने बरोबर केलं होतं! दहा दिवस मी या हाताकडे बघत नव्हते. किती रडले! दादा पुसायला फडकं शोधत होता आणि त्याला एक स्वच्छ फडकं सापडेना.

निघताना म्हणाला, "पण असं बोट एका दिवसात तुटत नाही हं. हँडब्रेकशिवाय रोज चढावर उभी राहिली असणार गाडी. झिजत झिजत गेलं." मी मान डोलावली. ऐकलं नव्हतंच.

३ एप्रिल

आज सकाळी ऐकू आलं.

नवीन गाडीच्या कौतुकात मी प्रत्येकाला तोंडाने शिकवलंय – "हँडब्रेक विसरा आता. पी टाकलं की झालं." सात आठवडे. सिस्टर धरून बारा विद्यार्थी. बाकीचे अकरा पास होऊन आपापल्या गाड्या घेऊन फिरतायत, कुठल्या कुठल्या चढांवर लावतायत.

यादी काढून बसलेय. सात जणांशी बोलले. आठवा नंबर मघापासून वाजतोय, कोणी उचलत नाही. पत्ता आहे. निघाले.