तो बांधावर होता

बाबा, बारावीच्या निकालाची दुपार आज पुन्हा काढतो, रागावू नकोस. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मिठाचा हंगाम संपत आलेला. आम्ही जुळे भाऊ गुणपत्रिका घेऊन मिठागरावर आलो. त्याला भाषेत जास्त, मला गणितात, बेरीज जवळजवळ सारखी. मला दोन गुण जास्त होते, तेवढं मी सोडत नाही. एकाने कॉलेजात जायचं, एकाने तुझ्यासोबत मीठ ओढायचं, हे आधीच ठरलेलं. तू लाकडी फावडं उचलून भावाकडे रोखतोस. "यो कालेजात जाईल."

"नि मी का नाय?"

"कोनीतरी जायाचंच व्हतं. तो बांधावर व्हता."

मी खाली खाऱ्या पाण्यात उभा. भाऊ जाता जाता म्हणतो, "चला मुकादम, मीठ जपा!"

उडवाउडवीचं उत्तर वाटलं मला ते. माझ्यात काहीतरी कमी असणार आणि ते तू तोंडावर सांगत नाहीस, हे कित्येक वर्षं मनातून गेलं नाही. त्यानंतर तू दर शनिवारी विरारच्या रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणायला लागलास. वाचता येत नव्हतं, म्हणून आकृत्या बघून निवडायचास. तोवर आपल्या घरात सगळे वार सारखेच होते. त्यातल्याच भौतिकशास्त्राच्या एका जाड पुस्तकात मला सममितीभंग, म्हणजे सारखेपणाचं मोडणं, भेटला. शिकवायला कुणी नव्हतं, तरी मी तो पुरता समजून घेतला.

तुझ्याच भाषेत सांगतो. मुरलेल्या खाऱ्या पाण्यात प्रत्येक जागा दुसरीसारखीच, निसर्गाच्या नियमाला कुठलीच लाडकी नाही. तरी मीठ धरतं तेव्हा पहिला कण एकाच जागी बसतो, बाकीचे त्याच्यापासून ठरलेलं अंतर राखून ओळीने लागतात. नियम तोच, सारखेपण तेवढं मोडतं. तिथेच का? धुळीचा एक कण पुरतो. त्या जागेत गुण नसतो, दुसरीत दोष नसतो. काळाचंही असं होऊ शकतं, हे अलीकडे वाचलं. सगळे क्षण सारखे असताना एखादी गोष्ट आपला ठेका धरते, आणि मग हा क्षण त्या क्षणासारखा राहत नाही. वाचताना तुझा शनिवार आठवला. आणि तुझं वाक्यही. बाबा, तू खरं तेच सांगितलं होतंस. तो बांधावर होता, बस.

गेल्या रविवारी भाऊ आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "बाबाने लाडका जवळ ठेवला नि मला हाकललं, असंच वाटत आलं मला."

"अरे, तू बांधावर होतास!"

"एवढंच?"

"एवढंच."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो दोघं. छातीवरचं ओझं उतरलंय बघ.

हे पत्र त्या जाड पुस्तकातच राहील. तू असतास तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि एका ओळीवर मी अडखळलो असतो. ते दोन गुण मला नंतर, फेरमोजणीत मिळाले. त्या दुपारी आम्ही अगदी सारखे होतो.